मोरेबाबांचे मापटे

मी एक जुने मापटे आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मापटे पाहिलेच नसेल. तुमच्या घरी धान्य किलोवर येते. पूर्वी ते मापाने येत असे. पायली, शेर, मापटे, चिपटे अशी आमची भावंडे होती. माझ्यात बरोबर अर्धा शेर धान्य मावते. काठावरून हात फिरवून धान्य सपाट केले, तर ते नुसते मापटे. काठाच्या वर धान्याची छोटी टेकडी राहू दिली, तर तिला शीग म्हणतात. घेणाऱ्याचे डोळे नेहमी त्या शिगेकडे असत. दुष्काळात तेवढ्या शिगेत एका लहान मुलाची भाकरी होते.

माझा जन्म बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरचा. निवृत्ती सुताराने बाभळीच्या वाळलेल्या बुंध्यातून मला कोरले. लोहाराने काठाला लोखंडी पट्टी बसवली. धोंडप्पा वाण्याने मला दुकानासाठी घेतले. धोंडप्पा लिंगायत होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलणे थोडे. रोज सकाळी दुकान उघडले की ते मला पालथे घालून बुडावर दोनदा थाप मारत. कालचा एखादा दाणा आत चिकटला असेल तर तो निघून जावा, आजच्या गिऱ्हाईकाचे माप कमी भरू नये, एवढ्यासाठी. मला त्या थापेचा अभिमान वाटे.

तेव्हा आपला हा भाग निजामाच्या राज्यात होता. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. १८९६ साली एक गोरा माणूस तट्टावर बसून दुकानासमोर आला. पायघोळ पांढरा झगा, धुळीने मातकट झालेला. दाढी तांबूस. तो फ्रान्सच्या डोंगराळ मुलखातून आलेला कॅथलिक धर्मगुरू होता. नाव एमिल मोरेल. आपल्या लोकांच्या जिभेला ते नाव वळेना. महिन्याभरात त्यांनी त्याचे मोरेबाबा करून टाकले.

मोरेबाबा घाटनांदूरपासून दोन कोसांवरच्या उंबरगव्हाण गावात राहू लागले. गावकुसाबाहेरच्या वस्तीशेजारी त्यांनी कुडाची झोपडी बांधली. त्या काळी पुष्कळांच्या पायांत नारू होत असे. नारू म्हणजे कातडीखाली वाढणारा लांब कृमी. मोरेबाबा तो काडीला गुंडाळून रोज बोटभर बाहेर काढत. घाई केली तर तो तुटतो आणि पाय सुजतो. म्हणून ते एकाच माणसापाशी पंधरा-पंधरा दिवस बसत. ज्या माणसांची सावलीसुद्धा गावाला चालत नसे, त्यांचे पाय ते मांडीवर घेत. त्यांच्या मुलांना धुळीत अक्षरे काढायला शिकवत.

पण मित्रांनो, मी तुम्हाला अर्धे सांगणार नाही. मोरेबाबा गावातल्या देवांना खोटे म्हणत. बिरोबाच्या ठाण्यासमोरून जाताना मान फिरवून घेत. धोंडप्पांना ते आवडत नसे.

एकदा दुकानात ते म्हणाले, “बाबा, औषध द्या, अक्षर शिकवा, समदं करा. पर आमच्या देवाला नावं ठेवू नका.”

“मी खरे आहे तेच सांगते, आप्पा,” बाबा म्हणाले.

“सांगते न्हाई, सांगतो,” धोंडप्पा म्हणाले आणि हसले. बाबाही हसले. पण पुढच्या वेळी ते बिरोबाच्या ठाण्यासमोरून तसेच मान फिरवून गेले.

१८९९ साली पाऊस आलाच नाही. मृग कोरडा, हस्तही कोरडा. धोंडप्पांच्या कणग्या रिकाम्या झाल्या. कार्तिकात ते कपिलधारेच्या यात्रेला निघाले, तेव्हा जाता जाता वाट वाकडी करून उंबरगव्हाणला आले आणि मला बाबांच्या हातात ठेवले.

“दुकानात मोजायला काही राह्यलं न्हाई. हे मापटं तिथं बसून राहण्यापरीस तुमच्याकडं राबू द्या.”

बाबांनी मला दोन्ही हातांनी धरले. त्यांना काही बोलायचे होते, पण नेमका शब्द त्यांना मराठीत सापडला नाही. धोंडप्पा पुढे निघून गेले. यात्रेहून परत आल्यावरही त्यांनी मला कधी मागितले नाही.

मग माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम सुरू झाले. बाबांनी मुंबईला, फ्रान्सला पत्रांवर पत्रे लिहिली. बार्शीहून बैलगाड्यांतून ज्वारीची पोती येऊ लागली. झोपडीसमोर कडुनिंबाखाली रांग लागे. सोलोमन मास्तर म्हणून बाबांचा एक मदतनीस होता, तो पोते धरी आणि बाबा स्वतः मापून देत. माणशी एक मापटे, शीग लावून. रांगेत बाप्तिस्मा घेतलेले होते, न घेतलेले होते, गावकुसाबाहेरचे होते आणि आतलेही होते. कोण कुठला, हे तेव्हा कोणी विचारले नाही. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत चार महिने असे चालले. त्या चार महिन्यांबद्दल मला कोणी विचारले, तर मी मान ताठ करून सांगेन. पण मला कोणी विचारत नाही आणि मला मानही नाही.

चैत्रात गाड्या थांबल्या. चारा नव्हता, वाटेत बैल मरून पडत होते. बाबांकडे आठ दिवस पुरेल एवढीच ज्वारी उरली. त्याच सुमारास त्यांच्या वरिष्ठांचे पत्र आले. बाबांनी ते उभ्यानेच वाचले. मग त्यात काय लिहिले आहे ते सोलोमन मास्तरांना सांगितले. धान्य थोडे असेल, तर ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे त्यांना आधी द्यावे. बाकीच्यांना सरकारी कामावर पाठवावे. सरकारी काम म्हणजे सहा कोसांवर तलावाची खडी फोडणे. उपाशी माणसाला सहा कोस म्हणजे काय, हे मला त्या रांगेत उभे राहिलेल्यांच्या पायांकडे पाहून कळत होते.

दुसऱ्या दिवशी सोलोमन मास्तर यादी घेऊन बसले. एकशे चाळीस नावे होती. ज्यांचे नाव होते ते पुढे आले. ज्यांचे नव्हते ते तिथेच उभे राहिले, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

त्यांत दगडाबाई होती. मेंढरे राखणाऱ्या घरातली बाई. मेंढरे मेली होती, नवरा मेला होता. कडेवर एक मुलगा आणि पदराला धरलेला दुसरा.

“बाई, तुझं नाव न्हाई,” सोलोमन मास्तर म्हणाले.

“मग लिवा की,” ती म्हणाली. “कोनचं बी लिवा. मरिया लिवा, मार्था लिवा. पर लेकराला द्या.”

सोलोमन मास्तरांनी बाबांकडे पाहिले. बाबांनी मला भरले होते. ज्वारी माझ्या काठापर्यंत आली होती. त्यांनी तिला नाव बदलायला सांगितले नव्हते, हे खरे आहे. पण नाव न लिहिताच घे, असेही ते म्हणाले नाहीत. हेही खरे आहे. त्यांनी ओंजळभर पाणी आणवले, तिच्या आणि मुलांच्या डोक्यावर ओतले, प्रार्थना म्हटली आणि मार्था असे लिहिले. मग मला तिच्या पदरात तीनदा रिकामे केले. शीग लावून.

दुपारपर्यंत ऐंशी माणसे नाव लिहायला उभी राहिली.

बाबांनी ऐंशी नावे लिहिली.

त्याच रांगेत शेवटी मसाजी होता. म्हातारा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. दगडाबाईच्याच भावकीतला. रांग ओलांडून तो सरळ बाबांसमोर आला.

“नाव लिवायचं न्हाई,” तो म्हणाला. “द्यायचं असंल तर असंच द्या. मी बिरोबाचा मानूस हाय. बिरोबानं दिलं न्हाई म्हनून मी त्याला सोडू का?”

मी भरलेलाच होतो. मसाजीने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, भुकेल्या माणसाची नजर मी हजारदा पाहिली आहे, पण त्याच्यासारखी नजर पाहिली नाही. तो माझ्याकडे मागण्यासाठी बघत नव्हता. बाबा काय करतात ते बघत होता.

“उद्या या,” बाबा म्हणाले. त्यांनी मला उचलले आणि ज्वारी परत पोत्यात ओतली. ती पोत्यात पडल्याचा आवाज मला अजून नकोसा वाटतो. मी लाकडाचा तुकडा. मला वाकडे होता आले असते, तर मी त्याच्या घोंगडीत सांडलो असतो.

दुसऱ्या दिवशी मसाजी आला नाही. तिसऱ्या दिवशी गुराख्यांनी येऊन सांगितले, की तलावाच्या वाटेवर एक म्हातारा पडला आहे. बाबा धावत गेले. मूठमाती द्यायला खड्डा खणण्याचे बळ कोणात उरले नव्हते. बाबांनी स्वतः खणला. परत आले तेव्हा त्यांच्या नखांत माती होती आणि झगा गुडघ्यावर फाटलेला होता. त्यांनी सोलोमन मास्तरांच्या हातातून यादी घेतली आणि फाडली.

“बाबा, असं केलं तर धान्य चार दिवसांत संपंल,” सोलोमन मास्तर म्हणाले. “गाड्या कधी येतील ठावं न्हाई. मग आपलीच मान्सं मरतील.”

“माझ्याकडे आता आपली माणसे नाहीत,” बाबा म्हणाले. “पोते उघड.”

त्या दिवसापासून पुन्हा सर्वांना मिळू लागले. आजूबाजूच्या वाड्यांतूनही माणसे आली. धान्य चार दिवसांत संपले. मग तीन दिवस काहीच नव्हते. त्या तीन दिवसांत अकरा माणसे गेली. त्यांत दगडाबाईचा कडेवरचा मुलगा होता.

ती मुलाला पदरात गुंडाळून बाबांकडे घेऊन आली. बाबा तिच्यासमोर धुळीत बसले. त्यांना वर बघता येईना.

“बाबा,” दगडाबाई म्हणाली, “तुमी यादी फाडली, तवा मीच हात जोडले व्हते. आता कुनाला बोलू?”

चौथ्या दिवशी सकाळी बार्शीच्या गाड्या आल्या.

त्यानंतर मोरेबाबा बारा वर्षे जगले. ते फार बदलले, असे मी म्हणणार नाही. देवांवरून ते अजूनही वाद घालत. पण कोणी बाप्तिस्मा मागायला आले, तर म्हणत, “एक पीक घरात येऊ दे. पोट भरल्यावर ये आणि तेव्हाही वाटले तर सांग.” दुष्काळात नाव लिहिलेल्या ऐंशी जणांपैकी पुष्कळ जण चांगला पाऊस झाल्यावर आपापल्या देवाकडे परत गेले. बाबांनी कोणाला अडवले नाही. दगडाबाई मात्र मार्था राहिली. मार्था का राहिलीस, असे बायका विचारत, तेव्हा ती म्हणे, “लेकरू ज्या नावानं गेलं, त्या नावानं मी राह्यले.” मात्र गावात तिला शेवटपर्यंत दगडाबाईच म्हणत.

१९१२ साली बाबा तापाने गेले. उंबरगव्हाणच्या माळावर त्यांना पुरले. धोंडप्पा तेव्हा फार थकले होते. त्यांची मुलगी शिवगंगा आली आणि थडग्यावर बेलाची पाने ठेवून गेली. बाबांनी सुरू केलेली शाळा चालू राहिली. पुढे कुडाच्या भिंतींच्या जागी दगडी भिंती आल्या, निजामाचे राज्य गेले, शाळेवर ‘मोरेबाबा विद्यालय’ अशी पाटी लागली.

माझे पुढे काय झाले? काही वर्षे शाळेतल्या मुलांच्या दुपारच्या घुगऱ्या माझ्याच मापाने मोजत. मग सरकारने किलो आणि लिटर आणले. चिपटे, शेर, पायली सगळे अडगळीत गेले. माझ्यात मास्तर खडू ठेवू लागले. पन्नास-साठ वर्षे मी खडूंचे भांडे होतो. मला त्याचे वाईट वाटत नव्हते. मुलांची बोटे रोज माझ्यात येत. पण माझ्या बुडाशी बसलेल्या त्या दिवसांची आठवण कोणालाच नव्हती आणि मला वाटे, ती तशीच विरून गेली तरी बरे.

तसे झाले नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेने मोठा समारंभ ठरवला. योगिताबाई या शाळेत मराठी शिकवतात. त्या दगडाबाईच्या घरातल्या, तिच्या थोरल्या मुलाच्या वंशातल्या. त्यांनी मला खडूंतून बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले, तेल लावले. सव्वाशे वर्षांत मला कोणी इतक्या मायेने हात लावला नव्हता. मला काचेच्या पेटीत ठेवले आणि पेटीवर सुंदर अक्षरांत लिहिले : ‘याच मापट्याने मोरेबाबांनी दुष्काळात कोणताही भेदभाव न करता हजारोंना जगवले.’

ते वाक्य वाचून मी हादरलो. चार महिन्यांसाठी ते खरे होते. शेवटच्या चार दिवसांसाठी खरे होते. मधल्या तीन दिवसांसाठी खोटे होते. पण काचेच्या आतून मी काय करणार?

पालकांना बोलावले होते. अपेक्षा नावाच्या सातवीतल्या मुलीला ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवायचे काम दिले होते. तिने खणखणीत आवाजात वाचले. टाळ्या झाल्या. तिचे वडील सुग्रीव मागच्या ओळीत उभे होते. शंभर शेरड्या राखणारा साधा माणूस. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे पांगल्यावर ते पेटीपाशी आले.

“बाई,” ते योगिताबाईंना म्हणाले, “हे कावून लिवलं?”

“का? काय चुकलं?”

“आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. आमचा मसाजी आजा ह्याच रांगेतनं उपाशी माघारी गेला. नाव बदललं न्हाई म्हनून. आन् माजी पोरगी आज मोठ्यानं वाचतीय, भेदभाव न करता.”

योगिताबाईंचा चेहरा उतरला. “असं होणारच नाही, भाऊ. बाबांनी कधी कुणाला माघारी लावलं नाही. आमच्या घरात कधीच असं ऐकलं नाही.”

“मग आमचा आजा खोटं मेला का?”

दोघेही चांगली माणसे होती. दोघेही आपापल्या घरात ऐकलेलेच बोलत होते. एका बोटाच्या अंतरावर काचेमागे मी होतो. माझ्यातच ती ज्वारी भरली होती. मीच परत रिकामा झालो होतो. आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

सुग्रीवभाऊंनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. त्यांची मागणी एवढीच होती, की पेटीवरचे वाक्य बदलावे. पण अर्जाचा फोटो मोबाइलवरून फिरला. आठ दिवसांत तालुक्याहून गाड्या भरून माणसे आली. त्यांतल्या एकानेही मसाजीचे नाव कधी ऐकले नव्हते. हे लोक म्हणाले, धान्याच्या बदल्यात धर्म विकत घेणाऱ्याची पाटी शाळेवरून काढा, थडगे हलवा. मग दुसऱ्या बाजूनेही गाड्या आल्या. ती माणसे म्हणाली, आमच्या संताच्या नावाला हात लावाल तर खबरदार. सुग्रीवभाऊ पहिल्यांना म्हणत होते, “मला पाटी काढायची न्हाई.” योगिताबाई दुसऱ्यांना म्हणत होत्या, “भांडण नको.” पण आता त्यांचे कोणी ऐकत नव्हते. अपेक्षा आणि तिच्या वर्गातल्या मुली एकमेकींच्या डब्यातले खाईनाशा झाल्या. हे मी काचेतून पाहिले.

शेवटी ग्रामसभा बोलावली. पुरावा म्हणून मलाही पेटीतून काढून टेबलावर ठेवले. दोन्ही बाजूंना वाटत होते, मी त्यांच्या बाजूचा पुरावा आहे.

सभा तापली, तेव्हा योगिताबाईंची आजी वत्सलाबाई काठी टेकत उभी राहिली. त्र्याण्णव वर्षांची बाई. दगडाबाईची नात. लहानपणी ती दगडाबाईच्या कुशीत निजली होती. या गावात ते सगळे स्वतःच्या कानांनी ऐकलेली ती एकटीच उरली होती. माझ्या मनात आशा आली. मित्रांनो, मला वाटले, आता कोणीतरी सांगेल.

“माज्या आजीनं मला सांगितलंय, ते मी सांगते,” ती म्हणाली. सभा शांत झाली. “सुग्रीव खरं बोलतोय. मसाजीला दिलं न्हाई. नाव लिवलं त्यालाच दिलं.”

एका बाजूने जोरात घोषणा झाली. योगिताबाई खाली मान घालून रडू लागल्या.

“थांबा बे!” म्हातारी ओरडली. “माजं झालं न्हाई. आमाला कुनी बळजबरी केली न्हाई. आजीनं सोताच्या तोंडानं नाव मागून घेतलं. बाबा रडत व्हते.”

आता दुसऱ्या बाजूने घोषणा झाली. कोणीतरी म्हणाले, “म्हातारीला शिकवून आणलंय.” कोणीतरी म्हणाले, “खाली बसवा तिला.”

“मग तिसऱ्या दिवशी बाबांनी...” वत्सलाबाई म्हणाली.

पुढचे कोणाला ऐकू गेले नाही. तिचे ओठ हलत होते. मी टेबलावर होतो, अगदी जवळ. तिने यादी सांगितली, खड्डा सांगितला, आजीच्या कडेवरचे लेकरू सांगितले. तिने दोन्ही हात जोडून दाखवले, दगडाबाईने जोडले होते तसे. सगळे सांगितले. पण खुर्च्या सरकल्या होत्या, माणसे एकमेकांच्या अंगावर गेली होती. टेबल कलंडले. मी फरशीवर आपटलो आणि कोणाचा तरी पाय माझ्यावर पडला. काठाची लोखंडी पट्टी निखळली. काठापासून बुडापर्यंत मला तडा गेला. आता माझ्यात धान्य भरले, तर ते बाहेर येईल.

पोलिस आले. गर्दी पांगवली. बबिता नावाच्या पोलिसताईंनी मला उचलले. पंचनाम्यात लिहायला त्या म्हणाल्या, “हे कुणाचं?”

“शाळेचं,” योगिताबाई म्हणाल्या.

“गावाचं,” सुग्रीवभाऊ म्हणाले.

बबिताताईंनी थोडा विचार केला आणि लिहिले : ‘जुने लाकडी मापटे, नग एक, तडा गेलेले. मालकी वादात.’ मग मला पांढऱ्या कापडात गुंडाळून, दोरी बांधून, लाखेचे सील मारले. तेव्हापासून मी पोलिस ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त वस्तूंच्या खोलीत आहे. माझ्या एका बाजूला कोणाची तरी मोडकी सायकल आहे, दुसऱ्या बाजूला कुलपांचे पोते. शाळेवरची पाटी सध्या गोणपाटाने झाकली आहे. काढलेली नाही आणि उघडीही नाही.

ग्रामसभेनंतर अकराव्या दिवशी वत्सलाबाई गेली.

मागच्या महिन्यात जबाबासाठी योगिताबाई आणि सुग्रीवभाऊ दोघांनाही ठाण्यात बोलावले होते. साहेब यायचे होते, म्हणून त्यांना मालखान्याच्या दारासमोरच्या बाकावर बसवले. बराच वेळ दोघे दोन टोकांना बसून होते. बबिताताईंनी पाणी आणून दिले. सुग्रीवभाऊंनी आधी योगिताबाईंकडे तांब्या सरकवला.

मग ते हळूच म्हणाले, “बाई, एक इचारू का?”

“विचारा.”

“आजी त्या दिवशी म्हनत व्हत्या, तिसऱ्या दिवशी बाबांनी... पुढं काय? काय केलं बाबांनी तिसऱ्या दिवशी? माज्या डोक्यातनं जातच न्हाई ते.”

योगिताबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला.

“मला माहीत नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं मी तिच्या घरात राहिले. कधी विचारलंच नाही. सगळं चांगलंच असेल, असं वाटायचं.”

“आमी बी कधी इचारलं न्हाई,” सुग्रीवभाऊ म्हणाले. “सगळं वाईटच आसंल, आसं वाटायचं.”

ते दोघे माझ्यापासून चार हातांवर होते. मला सगळे ठाऊक होते. ज्या हातांनी मसाजीची ज्वारी परत ओतली, त्याच हातांनी त्याचा खड्डा खणला, हे मला सांगायचे होते. मसाजीपायी यादी फाटली आणि त्यात योगिताबाईंच्याच घरचे एक लेकरू गेले, आणि तरीही त्या घराने कोणाला दोष दिला नाही, हे सुग्रीवभाऊंना सांगायचे होते. मी कापडात होतो. साहेबांनी आतून हाक मारली. दोघे उठले आणि वेगवेगळ्या कागदांवर सह्या करून वेगवेगळ्या वाटांनी गेले.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, तेल लावा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे आता काय व्हायचे ते होईल. तुमच्या घरात, गल्लीत, गावात एखादे फार म्हातारे माणूस असेल. त्याला आपल्या गावातली एखादी जुनी गोष्ट पूर्ण ठाऊक असेल. आज शाळेतून घरी गेलात की त्याच्यापाशी बसा आणि विचारा. ते सांगू लागले आणि तुम्हाला आवडले नाही, तरी उठू नका. ते म्हणेल, “मग तिसऱ्या दिवशी...” तेव्हा तर मुळीच उठू नका.